कालवड धडधाकट, तरी बीव्हीडीचा अहवाल पॉझिटिव्ह: पुढील तपासणी कशी करावी?

क्षीरधारा (प्रश्न)

गेल्या काही महिन्यांत आमच्या गोठ्यातील बऱ्याच गायी रेतनानंतर उलटल्या (गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या), काही गाभडल्या आणि जन्मलेल्या वासरांत हगवण व खोकला एकाच सुमारास दिसू लागला. जंत आणि खाद्यातील दोष तपासून झाल्यावर आमच्या पशुवैद्यकांनी बोव्हाइन व्हायरल डायरिया, म्हणजेच बीव्हीडी, या विषाणूजन्य आजाराची शंका घेतली आणि रक्ताचे नमुने प्रयोगशाळेकडे पाठवले. आलेले अहवाल वाचून मात्र मी अधिकच गोंधळात पडलो आहे. वर्षभराची एक कालवड अंगाने भरलेली, खाण्यापिण्यात चोख आणि कधीही आजारी न पडलेली आहे. तिच्या रक्तात विषाणूचे अँटिजेन (विषाणूचाच प्रथिन-अंश) सापडले, पण प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने) नाहीत. उलट हगवणीने खंगलेल्या महिन्याभराच्या वासरात प्रतिपिंडे आहेत आणि अँटिजेन नाही. आम्ही या आजाराची लस कधीही टोचलेली नाही. मग यांपैकी बाधित कोणाला समजायचे, कालवड लगेच कळपातून काढावी का, आणि उरलेल्या कळपाची तपासणी कमीत कमी नमुन्यांत कशी करता येईल?

गोचिकित्सक

आपल्या अहवालांत वरवर जो विरोधाभास वाटतो, तो या विषाणूच्या स्वभावातूनच आलेला आहे. गाय साधारण 40 ते 120 दिवसांची गाभण असताना तिला या विषाणूची लागण झाली आणि गर्भ टिकला, तर त्या गर्भाची रोगप्रतिकारशक्ती त्या वेळी पुरती घडलेली नसल्यामुळे ती विषाणूला परका न मानता शरीराचाच भाग समजते. असे वासरू जन्मल्यापासून मरेपर्यंत लाळ, नाकातील स्राव, शेण, मूत्र आणि दूध यांतून विषाणू बाहेर टाकत राहते, मात्र त्याच विषाणूविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडे तयार करत नाही. अशा जनावरांना आपण कायमबाधित म्हणतो. त्यांपैकी अनेक खुरटी राहतात, पण काही आपल्या कालवडीसारखी तजेलदारही दिसतात, आणि गोठ्यात सर्वाधिक नुकसान तीच करतात, कारण त्यांच्यावर कोणाचा संशय जात नाही.

असे असले तरी एकाच अहवालावरून ती कायमबाधित आहे, असे ठरवू नये. नुकतीच लागण झालेल्या निरोगी जनावराच्या रक्तातही काही दिवस, क्वचित दोन आठवड्यांपर्यंत, विषाणू सापडतो आणि प्रतिपिंडे त्यानंतर दिसू लागतात; त्या मधल्या काळात नमुना घेतला गेला असल्यास अहवाल अगदी आपल्या कालवडीसारखाच येईल. म्हणून किमान तीन आठवड्यांनी तिचा नमुना पुन्हा घ्यावा. दुसऱ्या वेळीही विषाणू सापडला, तर ती कायमबाधित आहे. तो नाहीसा होऊन प्रतिपिंडे आली असतील, तर लागण तात्पुरती होती. तोपर्यंत तिला वेगळ्या जागी बांधावे आणि विशेषतः गाभण गायींपासून दूर ठेवावे. तिची बादली, गव्हाण आणि दोरही वेगळे असावेत. ती विकून मोकळे होण्याचा विचार कृपया करू नका. त्याने आपल्या गोठ्यातील रोग दुसऱ्याच्या गोठ्यात जातो, एवढेच.

नमुना-कक्ष

मी पशुरोग प्रयोगशाळेत काम करते, म्हणून वासराच्या अहवालाविषयी लिहिते. महिन्याभराच्या वासरात सापडलेली प्रतिपिंडे बहुधा आईच्या चिकातून आलेली असतात आणि ती काही महिने टिकू शकतात. त्यामुळे त्या वयात प्रतिपिंडे पॉझिटिव्ह येण्यावरून वासराला स्वतःला लागण झाली होती की नाही, हे कळत नाही. शिवाय ही प्रतिपिंडे रक्तातील अँटिजेनला चिकटून एलायझा या अँटिजेन शोधणाऱ्या चाचणीला ते दिसू देत नाहीत, म्हणून आपल्या वासराचा निगेटिव्ह अहवाल मी अंतिम मानणार नाही. कानाच्या कडेचा छोटा तुकडा घेऊन त्यावर अँटिजेन एलायझा करावी, कारण त्वचेच्या नमुन्यात चिकाचा हा अडथळा बराच कमी असतो. आरटी-पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, हाही चांगला पर्याय आहे.

तुकडा घेताना प्रत्येक जनावरानंतर चिमटा स्वच्छ धुऊन निर्जंतुक करावा, अन्यथा एका कानावरचे रक्त दुसऱ्याच्या नमुन्यात जाते आणि पीसीआर इतकी संवेदनशील असते की तेवढेही तिला पुरते. पीसीआरसाठी रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत, तर प्रतिपिंडांसाठी साध्या नळीत घ्यावे. रक्त बर्फाच्या पिशव्यांसह थंड पाठवावे, परंतु गोठवू नये. नळीवर केवळ क्रमांक न लिहिता जनावराचे वय, चीक पाजला होता का आणि लस दिली होती का, हेही सोबतच्या अर्जात नोंदवावे. ही माहिती नसली की आम्ही आकडा देऊ शकतो, पण त्याचा अर्थ लावू शकत नाही.

क्षीरधारा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वासराच्या कानाचा नमुना उद्याच पाठवतो. उरलेल्या कळपाची सुरुवात कोठून करावी?

गोचिकित्सक

वासरांपासून करावी. कायमबाधित गाय नेहमी कायमबाधित वासरालाच जन्म देते. त्यामुळे वासरू निगेटिव्ह आले की त्याची आईही कायमबाधित नाही, हे आपोआप सिद्ध होते आणि तिचा नमुना वाचतो. वासरू पॉझिटिव्ह आले, तर मात्र आईची तपासणी करावीच लागते. त्यानंतर वळू, न फळलेल्या कालवडी आणि ज्यांचे वासरू हयात नाही अशा गायी उरतात. प्रयोगशाळा अनेक जनावरांचे नमुने एकत्र करून पीसीआर करत असेल, तर तो गट निगेटिव्ह आल्यावर सुटे नमुने तपासावे लागत नाहीत.

यातून एक जागा मात्र सुटते आणि तीच मला सर्वांत धोक्याची वाटते. गाभण गाय स्वतः बरी होऊन तिच्यात प्रतिपिंडे आलेली असतात, तिच्या रक्तात विषाणू नसतो, पण पोटातील गर्भ कायमबाधित असू शकतो. तिच्या रक्ताची नेहमीची तपासणी हे दाखवत नाही, म्हणून ती व्यायल्यावर वासराचीच तपासणी करावी लागते. आज गोठ्यात असलेली शेवटची बाधित कालवड काढली, तरी पुढील किमान बारा महिने जन्मणारे प्रत्येक वासरू तपासावे आणि विकत आणलेल्या गाभण गायींनाही हाच नियम लावावा. आयर्लंडने 2013 पासून नवजात वासरांच्या कानाचा नमुना बंधनकारक केला, तो याच कारणाने. कानाला ओळखीचा बिल्ला मारतानाच नमुना निघतो आणि एकही वासरू नजरेतून सुटत नाही.

नमुना-कक्ष

यापुढे गाय गाभडल्यास गर्भ आणि वार फेकून न देता हातमोजे घालून थंड स्थितीत पाठवावेत. गर्भाची प्लीहा व थायमस ग्रंथी यांत विषाणू चांगला सापडतो. मात्र गर्भपाताचे कारण ब्रुसेलोसिस हा जिवाणूजन्य आजारही असू शकतो आणि तो माणसांनाही बाधतो, म्हणून त्याची तपासणी सोबतच मागावी. एखाद्या जनावराच्या तोंडात फोड वा व्रण दिसले, तर बीव्हीडीच असावा असे गृहीत धरू नये. लाळ्या-खुरकुत नाही, याची खात्री आधी व्हायला हवी, त्यामुळे नमुना स्वतः न काढता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे.