प्रतिसाद: घामाच्या ग्रंथींची नस

भाऊ, तुम्ही लिहिलंय की घामाच्या नसा (मज्जातंतू) सिंपथेटिक, म्हणजे आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेतल्या, म्हणून त्या नॉरॲड्रेनॅलिन हे संदेशवाहक रसायन सोडणार. इथेच गल्लत होते. घामग्रंथीभोवतीच्या बहुतेक नसा सिंपथेटिक असल्या तरी ॲसिटिलकोलीन हे वेगळं रसायन सोडतात, आणि त्याच तंतूंत व्हीआयपी हे न्यूरोपेप्टाइड (नसांतला संदेशवाहक छोटा प्रथिन-रेणू) असतं. ते रक्तवाहिन्या रुंदावतं. सीजीआरपी हे दुसरं न्यूरोपेप्टाइडसुद्धा तिथे सापडतं. सबस्टन्स पी हे तिसरं मात्र मुख्यतः वेदनेच्या बारीक तंतूंतलं. भरताच्या मिरच्या ठेचल्यावर हात भगभगतो तो तिखटाने हे वेदनेचे तंतू चेतवल्यामुळे, आणि लाल होतो तो त्यांतून सीजीआरपी आणि सबस्टन्स पी सुटल्यामुळे. तिखट पाण्यात विरघळत नाही, म्हणून आधी तेल चोळा, मग साबण.

वैशाखात भुसावळला पारा 45 वर जातो, अंग निथळतं, तरी मधुमेह्याचे तळपाय कोरडेच राहतात. तिथे या नसा झडलेल्या असू शकतात. तपासायला घोट्याच्या वर 10 सेंमीवरून 3 मिमीचा पंच (गोल पात्याने काढलेला त्वचेचा तुकडा) घेतात आणि पीजीपी 9.5 या नसांतल्या प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने नसा रंगवतात. ग्रंथी खोल असतात. पंच उथळ गेला तर त्या तुकड्यात येतच नाहीत, मग अहवाल फक्त वरच्या थरातल्या तंतूंचा मिळतो. तुकडा टिकवायला नेहमीच्या फॉर्मॅलिनपेक्षा झांबोनी द्रावण बरं, बारीक तंतू अखंड दिसतात. नमुना पाठवण्याआधी प्रयोगशाळेला हे नक्की विचारा.