सोशल डान्सला डीजेने माईकवर किती बोलावं?

दीडमात्रा
मंडळी, प्रश्न साधाच आहे पण उत्तरं इतकी उलटसुलट मिळतायत की शेवटी इथे विचारतेय. आधी मी साल्सा-बचाता या लॅटिन जोडीनाचांच्या सोशलला, म्हणजे मोकळ्या नाचाच्या पार्टीला, नुसती नाचायला जायचे, आता अधूनमधून गाणीही लावते. आयोजकांचं म्हणणं, तू फारच गप्प असतेस, जरा माईक घे, माहोल बनव. आणि नाचणारे येऊन हळूच सांगून जातात की बरं झालं बाई तू बडबडत नाहीस. आता ऐकायचं कुणाचं? गाण्याचं, गायकाचं नाव सांगावं का? वाढदिवस, पुढच्या वर्कशॉपची जाहिरात, 'आता शेवटची दोन गाणी' वगैरे सांगायचं की नाही? आणि सांगायचंच तर कधी? जुन्या जाणत्यांनी जरा प्रकाश टाकावा.

कोपऱ्यातला
माझं मत एका शब्दात, गप्प.

जरा सविस्तर सांगतो नाहीतर उगाच भांडण होईल. रेडिओवाल्यांची एक सवय असते, गाण्याची सुरावट चालू झाली की गायक तोंड उघडेपर्यंत बोलून घ्यायचं, आणि अगदी त्या क्षणाला थांबता आलं तर ती कला समजतात. रेडिओवर ठीक आहे. पण सोशलला तोच सुरुवातीचा तुकडा नाचणाऱ्याला लागतो, तेवढ्यात तो कुणाला तरी विचारतो, दोघं फ्लोअरवर जागा शोधतात, ठेका कुठे आहे ते कान देऊन ऐकतात, त्यात नवीन माणसाला तर मोजणीतला 'एक' कुठला हेच सापडत नसतं आणि नेमका तेव्हाच डीजे ओरडतो 'काय मंडळी, मजा येतेय ना!' अरे येत होती की, तू बोलेपर्यंत.

गाण्याच्या मधे बोलणं तर त्याहून वाईट. साल्सात मधेच सगळी वाद्यं थांबतात तो ब्रेक पकडायला लोक टपून असतात, आणि तिथे कुणाचा तरी आवाज घुसला की गेलं सगळं. मैफलीत समेवर कुणी मोठ्याने खोकलं तर कसं वाटेल, तसं.

शेवटची_तांदा
वरच्यांशी बरंचसं सहमत पण पूर्ण नाही. मी टँगोवाली, आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर रचनेतच देऊन ठेवलंय. गाणी सुटी वाजत नाहीत, तांदा लागतो म्हणजे एका ऑर्केस्ट्राची एकाच धाटणीची गाणी सलग, टँगोची बहुतेक चार, वॉल्ट्झ आणि मिलोंगाची (हा टँगोचाच वेगवान भाऊ) बऱ्याचदा तीन. मग कोर्तिना, म्हणजे नाचायचं नसलेलं वेगळंच संगीत अर्धा मिनिट, कुठे मिनिटभर. कोर्तिना लागली की जोड्या सुटतात, फ्लोअर रिकामा होतो, लोक जागेवर बसून नजरेनेच पुढच्या पार्टनरला विचारतात. क्रमही ठरलेला असतो, टँगोचे दोन, मग वॉल्ट्झचा एक, परत टँगोचे दोन, मग मिलोंगा. त्यामुळे जोडी कधी बदलायची, पुढे साधारण काय येणार, हे कुणी सांगावंच लागत नाही.

ऑर्केस्ट्राचं नाव काही डीजे कोर्तिनात एका वाक्यात सांगतात, काही पडद्यावर दाखवतात. मला पडदा जास्त आवडतो, ज्याला हवं तो वाचेल.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, शेवटचा तांदा. शेवटचं कुणाबरोबर नाचायचं हे लोकांनी मनात धरून ठेवलेलं असतं हो, न सांगता संपवलंत तर शिव्या बसतील. त्यानंतर परंपरेने 'ला कुम्पार्सिता' वाजतं. ती धून आहे उरुग्वेच्या माँतेव्हिदेओतली, खेरार्दो मातोस रोद्रिगेसची, आणि ती लागली की संपलं हे सगळ्या जगातल्या टँगोवाल्यांना कळतं.

स्विंगआजोबा
तुम्ही सगळे माईकला इतके घाबरता का पण? सोशल नाचात बोलणाऱ्या माणसाची परंपरा मोठी आहे. जमैकाच्या साउंड सिस्टिममध्ये, म्हणजे मोठाले स्पीकर लावून नाच भरवणाऱ्या मंडळींत, तर रेकॉर्ड लावणारा सिलेक्टर वेगळा आणि डीजे म्हणायचे ते रेकॉर्डवर बोलणाऱ्याला! काउंट माचुकीसारखे लोक १९५०च्या दशकात हेच करत होते आणि लोक त्यासाठी यायचे.

आमच्या लिंडी हॉप या स्विंग नाचातही स्नोबॉल खेळतात, एका जोडीपासून सुरुवात, मग मधे कुणीतरी 'स्नोबॉल!' ओरडतं की जोडी फुटते आणि दोघं दोन नवीन पार्टनर ओढून आणतात, बघता बघता सगळा हॉल फ्लोअरवर. आता हे न बोलता करून दाखवा. शिम शॅम या सगळ्यांनी मिळून करायच्या नाचाचंही तसंच, ठरलेल्या स्टेप्स झाल्या की पुढे पार्टनरबरोबर मोकळं नाचताना 'फ्रीझ', 'स्लो मोशन' असे पुकारे होतात. क्युबन रुएदात, म्हणजे गोलात पार्टनर बदलत नाचायच्या साल्सात, पुढची मूव्ह कॉलर म्हणजे पुकारणाराच सांगतो, आणि गोंगाटात ऐकू जात नाही म्हणून हाताच्या खुणाही असतात.

कोपऱ्यातला यांना एक विचारतो, बॉलरूमच्या सोशलला नवीन माणसाला पुढचं गाणं फॉक्सट्रॉटचं की क्विकस्टेपचं हे कसं कळणार? 'पुढे वॉल्ट्झ' इतकं म्हटलं तर काय आभाळ कोसळतं? दोन शब्दांत चार बसलेली माणसं उठतात.

तरी एक कबूल करतो, चांगला कॉलर कधी थांबायचं ते जाणतो. काँट्रा डान्स या रांगांतल्या लोकनाचात आधी संगीताशिवाय सगळा नाच चालवून दाखवतात, मग पहिले काही फेरे कॉलर सांगत राहतो, लोकांच्या अंगवळणी पडलं की कमी कमी करत गप्पच होतो, पुढे फक्त बँड. मला तर तेच प्रमाण वाटतं, लोकांना गरज आहे तोवर बोला.

फेडरवाला
कुणी आवाजाबद्दल बोलतच नाहीये म्हणून लिहितो. निम्मा राग शब्दांवर नसतोच, तो आवाजावर असतो. बऱ्याच मिक्सरवर टॉकओव्हर बटण असतं, माईकवर बोललं की संगीत आपोआप खाली. पार्टीत चालतं पण इथे नाचणारा त्याच संगीतावर पाय टाकतोय, ठेकाच गायब झाला की पन्नास जोड्या एकदम अडखळतात. त्यामुळे सोशलला ते बंदच ठेवा आणि गाणं संपल्यावरच बोला.

माईक ओठांजवळ धरा, लांब धरून गेन (माईकची पातळी) वाढवला की शिट्टी मारणारच. माईक हातात घेऊन स्पीकरच्या पुढे जाऊ नका, कारण तेच. लो-कट चालू करा, साधारण १०० हर्ट्झच्या खालचं काढलं की घुमणं कमी होतं आणि शब्द कळतात. बोलून झालं की स्विच बंद, नाहीतर डीजेच्या खाजगी गप्पा सगळ्या हॉलला ऐकू जातात (ऐकल्यात, मजेशीर होत्या).

आणि हो, लोक यायच्या आधी रिकाम्या हॉलमध्ये एकदा बोलून बघा. हॉल भरला की आवाज अंगांत, कपड्यांत मुरतो, मग थोडा वाढवावा लागतो.

दीडमात्रा
धन्यवाद सगळ्यांना, भरपूर मिळालं. पण आयोजकांचं काय करू? त्यांना दर अर्ध्या तासाला वर्कशॉपची आठवण करून द्यायचीय. आणि वाढदिवस तर असतातच कुणा ना कुणाचे.

शेवटची_तांदा
ताई, सरळ सांगा की घोषणा तुमची, माईक तुमचा, वेळ मी देते. घोषणा आयोजकानेच करावी, त्याला लोक ओळखतात आणि डीजेचं लक्ष पुढच्या गाण्यावर हवं. सगळं एकदाच उरकायचं, आणि सगळ्यात जास्त लोक असतील तेव्हा. सुरुवातीला केलं तर अर्धे आलेलेच नसतात, शेवटी केलं तर अर्धे बूट बदलत असतात. आधी थोडं मंद गाणं लावा, लोक दमलेले असले की आपणहून उभे राहून ऐकतात. दर अर्ध्या तासाला बोललं तर तिसऱ्या वेळी कुणी ऐकत नाही, हा मुद्दा आयोजकाला पटतो, कारण नुकसान त्याचंच आहे.

वाढदिवसाचं त्यातच सांगून टाका, म्हणजे गाणं चालू व्हायच्या आधी नावं, मग गोल करा आणि एक गाणं वाढदिवसवाल्यांचं, बाकीचे आळीपाळीने घुसून त्यांच्याबरोबर नाचतात. तिघांचे असले तरी गाणं एकच हं! तीन गाणी बघत उभं राहायला कुणी येत नाही.

कोपऱ्यातला
आजोबा, वॉल्ट्झचं मान्य, दोन शब्द माफ. पण तुमच्या स्नोबॉलमध्ये लोकांना आधीच माहीत असतं की आज ओरडणार आहेत, आणि जमैकात तर लोक बोलणं ऐकायलाच यायचे म्हणता. माझी तक्रार न मागितलेल्या बोलण्याची आहे. गाण्याचं नाव सांगण्यालाही माझा विरोधच, ज्याला हवं तो येऊन विचारतो, आणि विचारायला आलेल्याशी डीजेने चांगलं बोलावं. ते जास्त महत्त्वाचं.

स्विंगआजोबा
विचारायला येतो तो तुमच्यासारखा जुना माणूस. नवखा नाही येत, तो घाबरून खुर्चीतच बसतो. त्याच्यासाठी बोलायचं असतं.

फेडरवाला
एक राहिलंच. कुणी पडलं, लागलं, मूल हरवलं, जळका वास आला, तर गाणं संपायची वाट बघू नका. फेडर (आवाजाची सरकपट्टी) सरळ खाली, आधी लाईट लावायला सांगा, मग छोटं वाक्य दोनदा. आणि एरवी डीजे गप्प असला ना, तर अशा वेळी त्याने माईक उचलल्यावर लोक खरंच थांबतात.

दीडमात्रा
हे डोक्यातच आलं नव्हतं. शेवटच्या गाण्यांचं मी असं ठरवलंय की साल्साची दोन आणि बचाताची दोन उरली की एकदाच सांगायचं, मग काही नाही. आयोजकांशी बोलून घेते, बघू काय म्हणतात.

शेवटची_तांदा
चार उरली असं सांगितलंत तर चारच लावा. लोक 'अजून एक' ओरडणार आणि तुम्ही एकदा ऐकलंत की पुढच्या वेळेपासून तुमच्या 'शेवटच्या'वर कुणी विश्वास ठेवणार नाही.