भिंतीवरचा मर्केटर उतरवायला हवा का?

रेघोटी:
वर्गाच्या भिंतीवर जगाचा जो नकाशा बहुधा असतो, म्हणजे मर्केटरचा, त्यात ग्रीनलंड जवळपास आफ्रिकेएवढं दिसतं. एकदा करून बघा. पृथ्वीगोलावर ट्रेसिंग पेपर ठेवून ग्रीनलंडची कड पेन्सिलीने गिरवा आणि तोच कागद आफ्रिकेवर सरकवा. काँगो लोकशाही प्रजासत्ताक हा एकटा देशच त्याहून मोठा भरतो! अख्खा आफ्रिका खंड ग्रीनलंडच्या सुमारे १४ पट आहे. तरी वर्षानुवर्षं मुलांसमोर उत्तरेकडचे देश ऐसपैस आणि विषुववृत्तावरचे आखडलेले. मोठं म्हणजे महत्त्वाचं, ही गल्लत इथूनच सुरू होते. माझं मत स्पष्ट आहे: हा नकाशा वर्गातून काढून टाका.

सुकाणू:
अजिबात पटलं नाही. नकाशाकार मर्केटरने १५६९ मध्ये हा नकाशा खलाशांसाठी केला. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज न्यायचं, तर त्यावर पट्टीने सरळ रेघ मारली की झालं. या सोयीपायीच ध्रुवांकडचा भाग ताणला जातो. गोल सपाट करायचा तर काहीतरी बिघडणारच. गॉल-पीटर्स या दुसऱ्या प्रकारच्या नकाशात क्षेत्रफळं बरोबर येतात, पण आफ्रिका उभी ओढल्यासारखी दिसते. अवजाराला कशाला दोष देता? शेजारी पृथ्वीगोल ठेवा.

पायवाट:
तुम्ही दोघंही आकारातच अडकलात. पेन्सिल कोणाच्या हातात, हा खरा प्रश्न. आफ्रिकेच्या वाटपाचे नियम ठरवणाऱ्या १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. भारत-पाकिस्तान सीमा आखणारा ब्रिटिश वकील रॅडक्लिफ १९४७ पूर्वी भारतात कधी आलाच नव्हता. त्याला फाळणीची रेषा आखायला जेमतेम पाच आठवडे मिळाले आणि ती जाहीर झाली १७ ऑगस्टला. म्हणजे स्वातंत्र्य मिळून गेलं, तरी आपलं गाव कोणत्या देशात हे कित्येकांना ठाऊक नव्हतं.

आणि नैनसिंह रावत आठवा. तिबेटात युरोपीयांना मज्जाव, म्हणून ब्रिटिश सर्वेक्षण खात्याने १८६५ मध्ये त्यांना वेश पालटून पाठवलं. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, दर शंभर पावलांना एक मणी पुढे, टिपणं प्रार्थनाचक्रात दडवलेली. असे ते ल्हासापर्यंत पावलं मोजत गेले. चालले ते, नकाशा मात्र साम्राज्याच्या कामी आला.

सुकाणू:
मान्य. पण हीच पेन्सिल दुसऱ्यांच्याही हाती येते. केनियातल्या नैरोबीची किबेरा वस्ती एवढी दाट, तरी नकाशांवर जवळजवळ कोरी होती. २००९ मध्ये तिथल्याच तरुणांनी जीपीएस घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या आणि पाण्याच्या जागा, शौचालयं, दवाखाने नोंदवले. वस्ती नकाशावर आली, की ‘इथे काही नाहीच’ म्हणून हात झटकता येत नाहीत. म्हणून नकाशाबद्दल संशय पेरण्यापेक्षा तो काढायला शिकवा.

रेघोटी:
‘काढून टाका’ हे मागे घेतो. मर्केटर धड्यात राहू दे, खलाशांच्या गोष्टीसकट. पण भिंतीवर नको. पृथ्वीगोल कपाटात जातो आणि भिंतीवरचं चित्र वर्षभर डोळ्यांसमोर राहतं. तिथे २०१८ चा ‘इक्वल अर्थ’ नकाशा लावा. क्षेत्रफळं बरोबर आणि खंडही फारसे ओढलेले वाटत नाहीत.

पायवाट:
चालेल. पण तोही उत्तर वर ठेवूनच टांगणार ना? अरब भूगोलतज्ज्ञ अल-इद्रिसीने ११५४ मध्ये सिसिलीच्या राजासाठी केलेल्या नकाशात दक्षिण वर होती. एक दिवस तुमचा नकाशाही उलटा टांगा आणि मुलं पहिला प्रश्न कोणता विचारतात ते कळवा.