'टच ऑफ ईव्हिल'ची कुठली डिस्क घ्यावी?

कंदीलवाला: ऑर्सन वेल्सचा 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) विकत घ्यायचाय. शोधायला बसलो तर एकाच सिनेमाच्या तीन आवृत्त्या निघाल्या, सगळ्यात छोटी दीड तासाच्या जरा वर आणि मोठी पावणेदोन तासांच्याही पुढे. आधी कुठली बघू? मावसभाऊ दिवाळीत अमेरिकेहून येतोय, त्याच्याकडून मागवणार. घरी इथलाच साधा ब्लू-रे प्लेअर आहे.

रातकिडा: डोळे झाकून १९९८ ची. युनिव्हर्सलने वेल्सच्या हातातून संकलन काढून घेतलं आणि हॅरी केलर या दुसऱ्या दिग्दर्शकाकडून काही प्रसंग नव्याने चित्रित करून घेतले. ते बघून वेल्सने ५८ पानांचं टिपण लिहून दिलं, पण स्टुडिओने त्यातलं थोडंच ऐकलं. चाळीस वर्षांनी संकलक वॉल्टर मर्चने तेच टिपण समोर ठेवून सिनेमा पुन्हा जुळवला. फक्त तिला 'दिग्दर्शकाची आवृत्ती' म्हणू नका, वेल्स १९८५ मध्येच गेला होता.

पहिला शॉट कान देऊन बघा. गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवला जातो आणि कॅमेरा तीन मिनिटांहून जास्त वेळ न तुटता सीमेवरच्या गावातून फिरतो. १९५८ मध्ये त्यावर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत चढवलं होतं. मर्चने दोन्ही काढलं. आता गाडीचा रेडिओ जवळ येतो, लांब जातो, मधेच एखाद्या क्लबातलं गाणं कानावर पडतं. बॉम्ब कुठे पोचला ते कानालाच कळतं.

पानवाला_जॅझ: टिपणाबद्दल आदर आहेच, पण मॅन्सिनीचे बाँगो (हाताने वाजवायचे छोटे ढोल) काढून काय मिळवलं राव! मला तो शॉट त्या ठेक्यासकटच आवडतो. तिन्ही असलेला संच घ्या. १९७६ मध्ये सापडलेली १०८ मिनिटांची आवृत्ती हौस असेल तरच बघा. तिच्यात वेल्सचा ऐवज जास्त आहे, तसा केलरचाही.

सुईधागा: अहो, आधी मावसभावाला थांबवा! ब्लू-रे डिस्कला रीजन असतो, म्हणजे ती ठरावीक देशांतल्या प्लेअरवरच चालते. अमेरिकेतल्या बऱ्याच ब्लू-रे रीजन ए असतात आणि आपण पडतो सी मध्ये. युरेकाचा २०११ चा ब्रिटिश संच माझा सर्वात लाडका, कारण त्यात १.३७ ची (रुंदी उंचीच्या इतकी पट) चौकोनी फ्रेम आणि १.८५ ची रुंद फ्रेम दोन्ही आहेत (यावरून भांडणारे आजही भांडतायत, मी चौकोनीवाल्यांतला). पण तो रीजन बी, म्हणजे तुम्हाला तोही निरुपयोगी. राहिला किनो लॉर्बरचा २०२२ चा फोर-के संच, तिन्ही आवृत्त्यांसकट. फोर-के यूएचडी (साध्या ब्लू-रेहून बारीक चित्राची) डिस्कला रीजनची भानगड नसते, मात्र प्लेअर यूएचडीच लागतो.

कंदीलवाला: मंडळी, आभार. प्लेअर नवा घेणं सध्या जमणार नाही. लेकाचा प्लेस्टेशन ५ आहे, त्यावर चालेल का?

सुईधागा: डिस्क घालायची खाच असलेलं मॉडेल असेल तर चालेल. साध्या ब्लू-रेचा भरवसा धरू नका, संच घेताना यूएचडी लिहिलेलाच घ्या.

पानवाला_जॅझ: आणि ९६ मिनिटांची, म्हणजे १९५८ ची, एकदा बघाच, बाँगोसाठी.