मदत हवी आहे: आठवीच्या मुलांच्या रोबो-गाड्या मधेच रीसेट होतात

लॅबताई_कोथरूड
शाळेत टिंकरिंग लॅब बघते, सहावी ते आठवीचे वर्ग माझ्याकडे आहेत. आठवीच्या मुलांनी आर्डुइनोवर (प्रोग्राम चढवता येतो असा छोटा बोर्ड) अडथळा टाळणाऱ्या गाड्या केल्या आहेत. सहा गट, सहा गाड्या. चाकं अधांतरी ठेवली की सगळं सुरळीत चालतं. जमिनीवर ठेवली की हातभर जाते, अडते, बोर्डावरचा दिवा लुकलुकतो आणि प्रोग्राम पहिल्यापासून सुरू. सहाच्या सहा गाड्यांचं हेच. प्रोग्राम बरोबर आहे, वायरी बदलून झाल्या. किटवाल्यांना फोन केला तर ते म्हणतात प्रोग्राम पुन्हा चढवा. शनिवारी पालक बघायला येणार आहेत आणि मुलं रडकुंडीला आली आहेत. कृपया लवकर सांगा.

सर्किटवाला
पॉवर कुठून देताय? मोटरींना वीज सोडणारा ड्रायव्हर कुठला? फोटो टाका.

लॅबताई_कोथरूड
फोटो उद्या टाकते, लॅबची किल्ली शाळेत असते. बोर्ड आर्डुइनो ऊनो. ड्रायव्हर लाल रंगाचा, वर काळं हीटसिंक. मोटरी त्या पिवळ्या. बॅटरी किटमध्ये आली तीच.

सर्किटवाला
लाल म्हणजे एल२९८एन, पिवळ्या म्हणजे बीओ मोटर. "किटमध्ये आली तीच" म्हणजे नेमकी कुठली? मल्टिमीटरमध्ये (व्होल्ट मोजायच्या यंत्रात) असते ती ९ व्होल्टची चौकोनी का?

रोहनचा_बाबा
ताई, आर्डुइनो या वयाला नकोच. मायक्रोबिट बोर्ड घ्या. त्यावर २५ दिवे आहेत, दोन बटणं आहेत, हालचाल ओळखणारा सेन्सर आतच आहे. ब्लॉक जोडायचे, फाइल टाकायची, झालं. ब्रिटनमध्ये २०१६ मध्ये बीबीसीने तो अकरा-बारा वर्षांच्या मुलांना सरसकट फुकट वाटला होता. माझा मुलगा सहावीत आहे, घरी स्वतःचं स्वतः करतो.

सर्किटवाला
बाबा, शनिवारी प्रदर्शन आहे. आता बोर्ड बदलायला सांगताय? आणि त्याच बॅटरीवर त्याच मोटरी लावल्या तर मायक्रोबिटही असाच अडखळणार.

रोहनचा_बाबा
मी पुढच्या वर्षाचं सांगतोय. सहावीच्या मुलाला प्रोग्राममधला सेमीकोलन विसरला म्हणून लाल अक्षरांत ओरडा बसतो, तिथेच त्याचा उत्साह संपतो.

पाबळकर
सेमीकोलनने कुणाचा उत्साह संपत नाही. मुलांना आपण काय करतोय हे कळत नसलं की संपतो. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून हेच धरून काम सुरू केलं: आधी हाताला काम, मग डोक्याला प्रश्न. तिथली मुलं वेल्डिंग करत, विहिरीवरचा पंप दुरुस्त करत, आणि त्यातूनच ओहमचा नियम शिकत. ताई, तुमच्या मुलांनी स्वतः मल्टिमीटर लावून बघितलंय का?

गृहिणी_आणि_गॅझेट
आमच्या सोसायटीत एक क्लास निघालाय, रोबोटिक्सचा. आठवड्यातून दोनदा. फी ऐकून घेरी आली. शाळेत हे फुकट मिळतं का? कुठल्या शाळेत? मुलगी पाचवीत आहे.

लॅबताई_कोथरूड
हो, ९ व्होल्टची चौकोनीच. त्यातून ड्रायव्हरला, आणि ड्रायव्हरच्या ५ व्होल्टमधून ऊनोला. नवी घातली की पाच मिनिटं बरी चालते, मग पुन्हा तेच. डबाभर बॅटऱ्या संपल्या. मल्टिमीटर आहे, पण मुलांना अजून दिलेला नाही.

सर्किटवाला
मग सापडलं. त्या चौकोनी बॅटरीच्या आत दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल एकामागे एक असतात. आतला रोध मोठा, त्यामुळे प्रवाह फार देता येत नाही. मल्टिमीटर चालवायला ती ठीक. मोटर मात्र सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. चाक अधांतरी असताना भार नसतो म्हणून निभावतं. जमिनीवर भार आला की व्होल्टेज कोसळतं, ऊनोला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत आणि त्याचा चिप स्वतःला रीसेट करतो. प्रोग्राम हवा तेवढा पुन्हा चढवा, फरक पडणार नाही.

मोटरींना वेगळी पॉवर द्या. आणि दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोकं एकमेकांना जोडा, नाहीतर ड्रायव्हरला ऊनोचा सिग्नल समजणार नाही.

कॅम्पातला_इंजिनिअर
दोन १८६५० (लिथियमचे) सेल टाका, ७.४ व्होल्ट, विषय संपला.

पाबळकर
तेरा वर्षांच्या मुलांच्या हातात सुटे लिथियम सेल? दप्तरात किल्लीला टेकला तर शॉर्ट होऊन पेट घेईल. सहा निकेलचे रिचार्जेबल पेन्सिल सेल घ्या, १.२ गुणिले ६, म्हणजे ७.२ व्होल्ट. होल्डरही बुधवार पेठेत मिळतो.

कॅम्पातला_इंजिनिअर
प्रोटेक्शन असलेले घ्यायचे, होल्डरमध्ये बसवायचे, चार्जिंग शिक्षकांनी करायचं. भीतीपोटी सगळंच बंद ठेवलं तर मुलं शिकणार कधी?

पाबळकर
भीती नाही, वर्गात चाळीस मुलं आहेत. एका वेळी दोनच डोळे बघतात.

सर्किटवाला
ताई, या वेळी पेन्सिल सेल घ्या. पिवळ्या मोटरी ३ ते ६ व्होल्टच्या असतात आणि एल२९८एन स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. म्हणजे ७.२ मधून मोटरीला पाचच्या आसपास मिळतील, उत्तम. ऊनोला पॉवर बँकेतून यूएसबी द्या. फक्त काही पॉवर बँका, फार कमी प्रवाह जातोय असं दिसलं की आपोआप बंद होतात, तेवढं आधी तपासा.

गृहिणी_आणि_गॅझेट
माझ्या प्रश्नाचं कुणी सांगेल का?

निवृत्त_मास्तर
ताई, अटल टिंकरिंग लॅब नीती आयोगाची योजना आहे, २०१६ पासूनची, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. ज्या शाळेला ती मंजूर झाली आहे तिथे विचारा. २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही माध्यमिक टप्प्याच्या आधीपासून कोडिंग आणि सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना असं आहे. कागदावर सगळं आहे. प्रश्न एवढाच की ३५ मिनिटांच्या तासात किट काढायला दहा आणि आवरायला दहा मिनिटं जातात. मुख्याध्यापकांना सांगून दोन तास जोडून मागून घ्या. आमच्या शाळेत त्यानेच सगळ्यात जास्त फरक पडला.

फिलामेंट_पुणे
पावसाळ्यात थ्रीडी प्रिंटरचा पीएलए (प्लास्टिकची तार) दमट होतो, नळीतून फटफट आवाज येतो आणि थर सुटतात. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा.

लॅबताई_कोथरूड
आमच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे, पण आता गाड्यांचं बघू द्या.

बुधवार पेठेतल्या टापकीर गल्लीत सहा होल्डर आणि सेल मिळाले. मंडईला मेट्रोने उतरले आणि चालत गेले, गाडी लावायचा प्रश्नच आला नाही. दुकानदारांनी होल्डरच्या तारा पुढे आणून सोल्डरही करून दिल्या.

आज पाबळकरांचं ऐकून गाड्या बदलायच्या आधी मुलांच्या हातात मल्टिमीटर दिला. एका गटाने जुन्या बॅटरीच्या टोकांना प्रोब धरले, दुसऱ्याने गाडी जमिनीला टेकवली. आकडा ८.९ वरून धाडकन ५ च्या खाली. जी मुलगी कालपर्यंत म्हणत होती "मॅडम, माझा प्रोग्रामच चुकलाय," ती ओरडली, "म्हणजे प्रोग्राम बरोबर होता!" मग सगळ्या गटांना तेच मोजायचं होतं. तास संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही. वहीत प्रत्येकाने तीन रकाने केले: गाडी अधांतरी, जमिनीवर, हाताने चाक दाबून. तिसऱ्या रकान्यातले आकडे सगळ्यात खाली गेले. चाक अडलं की प्रवाह का वाढतो, हा प्रश्न एका मुलाने विचारला आहे. त्याला उद्या काय सांगू?

सर्किटवाला
सोपं करून असं: मोटर फिरते तेव्हा ती स्वतःही थोडी वीज तयार करते, ती बॅटरीच्या उलट दिशेने ढकलते. म्हणून फिरताना प्रवाह कमी. चाक अडलं की उलट ढकलणारं कुणी नाही, मग प्रवाहाला अडवायला फक्त तारेचा रोध उरतो. दाखवायचं असेल तर मोटरीला मल्टिमीटर लावा आणि चाक हाताने फिरवा, आकडा दिसेल.

आणि मल्टिमीटर सावकाश मोजतो. खरा खड्डा ५ पेक्षाही खोल असणार, तो क्षणभरच असतो. मोठ्या मुलांना कधी ऑसिलोस्कोपवर (क्षणाक्षणाचं व्होल्टेज पडद्यावर काढणारं यंत्र) दाखवा.

निवृत्त_मास्तर
ताई, हे तीन रकाने प्रदर्शनात लावा. गाडीपेक्षा मोठा फळा करा त्याचा.

लॅबताई_कोथरूड
लावणार आहे. आता नवीन अडचण. पॉवर बदलल्यावर सहाही गाड्या चालतात, पण डावीकडे वळत जातात. मोटरी सारख्या नसतात हे कळलं, म्हणून ड्रायव्हरवरचे ते छोटे जंपर (दोन पिना जोडणाऱ्या टोप्या) काढून वेग कमी-जास्त करायला ऊनोच्या ९ आणि १० नंबरच्या पिना जोडल्या. चार गाड्या सुधारल्या. दोन गाड्यांचा वेग काही केल्या बदलत नाही. प्रोग्राम तोच आहे.

कॅम्पातला_इंजिनिअर
ड्रायव्हर गेला असेल, बदला.

सर्किटवाला
थांबा. त्या दोन गाड्यांमध्ये वेगळं काय आहे?

लॅबताई_कोथरूड
त्या दोघींच्या सेन्सरखाली निळी सर्वो (सांगितलेल्या कोनात वळणारी छोटी मोटर) आहे, मान फिरवून बघायला. बाकीच्या चारांत सेन्सर नुसता पुढे चिकटवलाय.

सर्किटवाला
हे आधी सांगायला हवं होतं! मग प्रोग्राम तोच कसा असेल? या दोघींत वर सर्वोची लायब्ररी (आयता लिहिलेला प्रोग्राम) असणार. ऊनोवर ती लायब्ररी चालू झाली की ९ आणि १० वर पीडब्ल्यूएम (पिन भराभर चालू-बंद करून वेग कमी-जास्त करणं) मिळत नाही, कारण ती लायब्ररी आणि या दोन पिना एकाच टायमरवर चालतात. म्हणून वेग मधल्या पातळीवर आणता येत नाही. वेगाच्या तारा ५ आणि ६ वर न्या, प्रोग्राममध्ये तेवढेच दोन आकडे बदला. सर्वोची पॉवरही ऊनोच्या ५ व्होल्टवरून असेल तर गाडी वळताना बोर्ड पुन्हा दचकेल, तेही बघून घ्या.

लॅबताई_कोथरूड
५ आणि ६ वर नेल्या. दोन्ही सरळ गेल्या. त्या गटातल्या मुलांनी आता विचारलंय, टायमर म्हणजे काय आणि बाकीचे किती आहेत. पहिल्या तासाला सर्वोची लायब्ररी उघडून बसणार आहोत. शनिवारी दुपारी तीन ते पाच प्रदर्शन आहे, पुण्यातल्या कुणाला यायचं असेल तर निरोप पाठवा.

रोहनचा_बाबा
येतो. मायक्रोबिट घेऊन.