फिलाडेल्फियातलं एपिस्कोपल चर्च : एवढं मोठं, ते पण एका निवांत वस्तीत, बांधलं कोणी?

मुलुंडकर :
नमस्कार. लेक फिलाडेल्फियाला असते, चेस्टनट हिल भागात. मी आणि ही तीन महिने राहून मागच्या आठवड्यात परत आलो. रोज सकाळी चालायला जायचो तेव्हा वाटेत सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स नावाचं दगडी चर्च लागायचं, ऊन पडलं की दगड अक्षरशः चमचमायचा. एका रविवारी आत जाऊन मागे बसलो, उपासना एक बाई चालवत होत्या, झाल्यावर आम्हाला आग्रहाने कॉफीला थांबवलं. आम्ही हिंदू, तरी फार बरं वाटलं. तर एपिस्कोपल म्हणजे नक्की कोण? आणि आजूबाजूला नुसते बंगले आणि झाडं असताना एवढं चर्च उभं केलं कोणी?

भायखळ्याची :
काका, एपिस्कोपल म्हणजे बिशपांच्या देखरेखीखालचं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच देखरेख करणारा, आपल्या मराठी बायबलमध्ये त्यालाच अध्यक्ष म्हटलंय. हे लोक मुळात चर्च ऑफ इंग्लंडचे. पण अमेरिका स्वतंत्र झाली आणि अडचण आली, कारण इंग्लंडमध्ये बिशप व्हायचं तर राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागायची, ती आता हे कशी घेणार? म्हणून सॅम्युएल सीबरी 1784 मध्ये स्कॉटलंडला अ‍ॅबरडीनला गेले आणि तिथल्या बिशपांनी त्यांना बिशप केलं. मग 1789 मध्ये फिलाडेल्फियातच एपिस्कोपल चर्चची घटना ठरली. मुंबईत फोर्टमधलं सेंट थॉमस कथीड्रल, 1718 सालचं, तेही मूळचं अँग्लिकनच, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं. 1970 मध्ये नागपूरला सहा पंथ एकत्र येऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं तेव्हा ते त्यात आलं, आमची मंडळीही सीएनआयचीच. म्हणजे तुम्ही आमच्या चुलत भावंडांकडे कॉफी प्यायलात!

लोकलप्रेमी :
कोणी बांधलं ते मी सांगतो, कारण ही रेल्वेची गोष्ट आहे आणि मला ती भयंकर आवडते. हेन्री हॉवर्ड ह्यूस्टन म्हणून पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा बडा माणूस, त्याने तिथल्या शेतजमिनी घेऊन ठेवल्या, 1884 मध्ये चेस्टनट हिलची लाइन सुरू झाली, मग त्याने हॉटेल काढलं, क्रिकेट क्लबला जागा दिली (हो, क्रिकेट!), घरं बांधली, आणि बरीचशी विकली नाहीत तर भाड्याने दिली, आणि 1889 मध्ये हे चर्च. आर्किटेक्ट हेविट बंधू. ह्यूस्टन स्वतः एपिस्कोपल होता. आपल्याकडे आधी स्टेशन येतं, मग बिल्डर, मग वस्तीतले लोक वर्गणी काढून देऊळ बांधतात, तिथे सगळं एकाच माणसाच्या हातून झालं. स्टेशनचं नाव पण आज सेंट मार्टिन्सच आहे.
दगड चमकतो कारण त्यात अभ्रक असतं, विसाहिकन शिस्ट म्हणतात, तिथलाच दगड. आपल्याकडे जुन्या इमारतींना कुर्ल्याचा नाहीतर मालाडचा दगड वापरायचे ना, तसंच.

मुलुंडकर :
दोघांचे मनापासून आभार. त्या स्टेशनवरून रोज गाडी जाताना बघायचो पण चर्चशी संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही! आणि बाई पाळक तिथे आधीपासूनच असतात का?

भायखळ्याची :
नाही काका, त्यासाठी बायका भांडल्यात. 29 जुलै 1974 ला फिलाडेल्फियातच, चर्च ऑफ द अ‍ॅडव्होकेटमध्ये, अकरा जणींना परवानगी नसताना दीक्षा दिली गेली, केवढा गदारोळ झाला. 1976 मध्ये एपिस्कोपल चर्चने रीतसर मान्यता दिली. मला त्या अकरा जणींबद्दल फार आदर आहे. लेकीला म्हणावं ते चर्चही बघून ये, ते चेस्टनट हिलला नाही, नॉर्थ फिलाडेल्फियाला आहे.

मुलुंडकर :
आत्ताच फोन केला, म्हणाली येत्या रविवारी जाते. आणि आम्ही दोघं ह्या शनिवारी सेंट थॉमस बघून येतो, चाळीस वर्षं फोर्टात नोकरी केली, आत कधी गेलो नाही.