अमेरिकेत बोली नाहीत, हे कुणी सांगितलं?

पिट्सबर्गची सून:
परवा 'जर्सीकर' यांनी लिहिलं, 'अमेरिकेत बोलीबिली काही नाही, टीव्हीमुळे सगळा देश एकसारखा बोलतो. दक्षिणेतलं 'यॉल' ('तुम्ही सगळे') म्हणजे न शिकलेल्यांचं अशुद्ध इंग्रजी.' दोन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी २००१ साली लग्न होऊन पिट्सबर्गला आले. पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या आजी कुंपणापलीकडून ओरडल्या, 'पायऱ्या स्लिपी झाल्यात, मीठ टाक!' मला वाटलं झोपेबद्दल काहीतरी म्हणतायत. दुसऱ्या पायरीवर सपशेल आपटल्यावर अर्थ कळला. निसरडं म्हणजे 'स्लिपी'. घराची आवराआवर म्हणजे 'रेड अप', चोंबड्या माणसाला 'नेबी', आणि 'तुम्ही सगळे' म्हणजे 'यिन्झ'. 'कार नीड्स वॉश्ड' असं म्हणायच्या, मधलं 'टू बी' गायब. मी मनात म्हणायचे, शाळा फार झाली नसेल बिचारीची. आजी हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या! पुढे कळलं की यातलं बरंचसं अठराव्या शतकात उत्तर आयर्लंडहून आलेल्या स्कॉट्स-आयरिश वसाहतकऱ्यांचं आहे. अडीचशे वर्षं जपलेल्या बोलीला अशुद्ध म्हणायचं, तेही आपण, काल आलेल्यांनी?

जर्सीकर:
ताई, दहा-बारा शब्द वेगळे म्हणजे बोली होत नाही. धुळ्याची अहिराणी आणि मालवणी शेजारी ठेवा, मग बोलू. ओहायोच्या माणसाला ओरेगॉनमध्ये दुभाषी लागतो का? शिवाय मी दक्षिणेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉलीला नऊ वर्षं काढली आहेत. १९६० नंतर तिथे आयबीएमसारख्या कंपन्या आल्या, उत्तरेतली माणसं आली, आणि पुढच्या पिढीच्या बोलण्यातून दक्षिणी स्वर जात गेले. हे भाषाशास्त्रज्ञांनीच मोजलंय. मी मनाचं सांगत नाही.

अटलांटावाली:
स्वर कमी झाले, हे मान्य. 'यॉल' कुठे गेलं? इंग्रजीत एकेकाळी तू आणि तुम्ही वेगळे होते. 'दाऊ' गेला आणि सगळा भार एकट्या 'यू'वर पडला. जेवायला एकट्यालाच बोलावलंय की घरच्या सगळ्यांना, हे 'यॉल' म्हटलं की लगेच कळतं. तुम्ही तिकडे 'यू गाइज' म्हणता, तेही त्याच गरजेपोटी. मग एक शुद्ध आणि एक अशुद्ध कसं?
इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात हॉटेलात बाईंनी विचारलं, 'कोक?' नवरा हो म्हणाला. 'कुठला?' आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. कोका-कोला याच शहरात १८८६ साली जन्मला, आणि इथल्या जुन्या लोकांसाठी फसफसणारं कुठलंही पेय कोकच. शिकागोकडे तेच 'पॉप' आणि तुमच्याकडे 'सोडा'.

डेट्रॉइटचा दादा:
'टीव्हीमुळे एकसारखं' हे धादांत चूक आहे. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव आणि सहकाऱ्यांचा उत्तर अमेरिकी उच्चारांचा नकाशासंग्रह २००६ साली आला, तो बघा. घरोघरी टीव्ही असताना बफेलो, क्लीव्हलँड, डेट्रॉइट, शिकागो या पट्ट्यात स्वर सरकत सरकत इतरांपासून लांब गेले. हल्लीच्या तरुणांमध्ये ते परत फिरतंय, तेही सांगून टाकतो, नाहीतर जर्सीकर सांगतील.
आणि 'दहा-बारा शब्द'? अमेरिकी प्रादेशिक इंग्रजीच्या कोशासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठाची माणसं १९६५ ते १९७० गाड्या घेऊन १,००२ गावांत फिरली. पहिला खंड १९८५ला आला, शब्दांचा पाचवा २०१२ला. एवढे खंड दहा शब्दांनी भरतात का?

जर्सीकर:
आवाज चढवू नका. कोश जाड असला म्हणून रोजच्या व्यवहारात फरक पडतो असं होत नाही.

डेट्रॉइटचा दादा:
पडतो! अपहरणाच्या एका प्रकरणात खंडणीच्या चिठ्ठीत पैसे 'डेव्हिल स्ट्रिप'वरच्या कचराकुंडीत ठेवायला सांगितले होते. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या गवताच्या पट्टीला हे नाव ओहायोतल्या ॲक्रनकडे आहे. भाषाशास्त्रज्ञ रॉजर शाय यांनी पोलिसांना विचारलं, तुमच्या संशयितांत ॲक्रनचा शिकलेला माणूस आहे का? होता. एका शब्दावर माणूस सापडला, साहेब.

डेटनची मावशी:
ओहायो निघालंच आहे तर सांगते. आमच्या गावाबाहेर रस्त्याकडेला शेतकऱ्याचा ठेला, खडूने पाटी: 'मँगोज'. ऑगस्ट महिना. यांनी कचकन ब्रेक मारला, मी पर्स घेऊन पळत गेले. टोपलीत ढोबळी मिरची! मला वाटलं फसवतोय, चांगली भांडले त्याच्याशी. तो बिचारा सांगतोय, 'मॅम, हेच मँगो.'

पिट्सबर्गची सून:
अगंबाई, आजीसुद्धा म्हणायच्या!

जर्सीकर:
हे काही पटत नाही. कुणीतरी गंमत केली असणार तुमची.

डेटनची मावशी:
गंमत नाही हो. पूर्वी इंग्लंडात आणि वसाहतींत ताजा आंबा पोचायचाच नाही, लोणचं होऊन पोचायचा. त्यामुळे मसाला भरून मुरवलेल्या कशालाही 'मँगो' म्हणायला लागले, काकडी असो की कोवळं खरबूज. पुढे मिरची भरून मुरवणं जास्त चाललं आणि नाव तिलाच चिकटलं. म्हणजे आपलं लोणचंच ते!

बे एरियाचा:
मूळ शब्द मल्याळम 'मांगा', पोर्तुगीजांनी नेला. आपला म्हणू नका उगाच.

डेटनची मावशी:
आंबा आपला नाही? रत्नागिरीत जन्मलेय मी. २००७ साली भारतातला आंबा इथे यायची परवानगी मिळाली तेव्हा एका पेटीसाठी चार तास गाडी चालवत गेले होते. मला आंब्याचं सांगू नका.

बे एरियाचा:
मी शब्दाचं म्हणतोय, आंब्याचं नाही. बाकी इथे केशरच चांगला मिळतो.

डेटनची मावशी:
केशरचं नाव माझ्यासमोर काढू नका.

अटलांटावाली:
हापूस-केशरसाठी कृपया दुसरा धागा. जर्सीकर, तुमच्याच राज्यात न्याहारीच्या त्या डुकराच्या मांसाला उत्तरेत 'टेलर हॅम' आणि दक्षिणेत 'पोर्क रोल' म्हणतात, आणि त्यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात. सँडविच उत्तरेत 'सब', दक्षिणेत 'होगी'. तुम्हाला माहीत नाही?

जर्सीकर:
माहीत आहे. शब्द बदलतात हे मी मान्य करतो. पण 'अशुद्ध' का म्हणालो ते ऐका. पहिल्या नोकरीत साहेबांनी मला सगळ्यांसमोर 'व्हेंडर' पाच वेळा म्हणायला लावलं होतं. तेव्हापासून मुलांना सांगत आलोय की बातम्या देणाऱ्यांसारखं बोला, म्हणजे तुम्हाला कुणी उभं करणार नाही. जग उच्चारावरून माणूस जोखतं. मी ते बनवलेलं नाही.

डेट्रॉइटचा दादा:
तुमच्यावर झालं ते वाईटच. पण तोच दंडुका तुम्ही दुसऱ्यावर उगारताय. आमच्या शेजारच्या ॲन आर्बरमध्ये काळ्या मुलांना त्यांच्या घरच्या बोलीमुळे शाळेने मागं टाकलं, तेव्हा आया कोर्टात गेल्या. १९७९ साली न्यायाधीश चार्ल्स जॉयनर यांनी निकाल दिला की शिक्षकांनी मुलांची घरची बोली लक्षात घेऊन वाचन शिकवावं. जग तसं आहे म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

जर्सीकर:
'न शिकलेल्यांचं' हे शब्द मागे घेतो. तेवढेच. मुलांना जे सांगतो ते सांगतच राहणार.

पिट्सबर्गची सून:
तेवढ्यासाठीच धागा काढला होता. आजी गेल्या त्या वर्षी त्यांची मुलगी तळघर 'रेड अप' करत होती, मी मदतीला गेले. फळीवर एक बरणी होती, आत अख्खी ढोबळी मिरची, पोटात कोबी भरून दोऱ्याने बांधलेली. झाकणावर आजींच्या अक्षरात 'मँगोज'. मावशी, तुम्हाला फोटो पाठवते.

डेटनची मावशी:
पाठव. आणि कोबीत मोहरी होती का, तेवढं तिच्या लेकीला विचार.